वर्गात मिळालेली 'बरोबर' उत्तरं

पत्राचा सारांश: पुण्यात शिकलेल्या एक डॉक्टर सध्या ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात पीएच.डी. करत आहेत. विषय आहे पश्चिम केनियातल्या किसुमू आणि सियाया या काउंट्यांमधल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) १५ ते २४ वयाच्या मुलामुलींच्या आरोग्याच्या गरजा. माध्यमिक शाळांतल्या ४०० विद्यार्थ्यांकडून ९० प्रश्नांची छापील प्रश्नावली भरून घ्यायची, असा बेत. निम्म्याहून जास्त प्रश्न लैंगिक संबंध, एचआयव्ही आणि कंडोम यांवर. ४० जणांवर चाचणी घेतली, तर जवळपास सगळ्यांनी सारखंच लिहिलं: संबंध आलेले नाहीत, मन उदास नसतं, मच्छरदाणी रोज लावतो. स्थानिक सहकारी म्हणतात, मुलं खोटं बोलतात. मार्गदर्शक म्हणतात, टॅब्लेट आणि हेडफोन द्या. पालकांच्या संमतीचे निम्मे फॉर्म परतच आले नाहीत. भरून आलेल्या एका निनावी प्रश्नावलीच्या मागे एकच ओळ होती, घरातला एक माणूस रात्री त्रास देतो म्हणून. त्या विचारतात: पुढे कसं जाऊ? आणि मुळात हे काम माझ्यासारख्या बाहेरच्या बाईनं करावं का?

डॉक्टर,

आधी त्या ओळीचं बघू. बाकीचं चार दिवसांनी केलं तरी चालेल, हे नाही.

हस्ताक्षर जुळवून ती मुलगी (किंवा मुलगा) कोण ते शोधायला जाऊ नका. निनावी राहील असा शब्द तुम्ही दिला होता. शोधाशोध सुरू झाली की शाळेत कुजबुज होते, आणि ती घरापर्यंत पोचली तर धोका वाढतो. तुमच्या केनियन सहसंशोधकाला आणि मार्गदर्शकाला आजच सांगा. ज्या नैतिकता समितीनं मंजुरी दिली तिला लेखी कळवा. अशा घटना कळवण्याची मुदत मंजुरीपत्रात असते, ती काढून वाचा. त्यांच्या सल्ल्यानं आणि शाळेशी बोलून त्या ४० जणांकडे पुन्हा जा. सगळ्यांकडे, एकत्र. सोबत प्रशिक्षित समुपदेशक न्या. सांगायचं एवढंच, की घरात किंवा बाहेर कोणी त्रास देत असेल तर मदत कुठे मिळते. आणि मग प्रत्येकाला पाच-पाच मिनिटं एकट्यानं समुपदेशकाला भेटू द्या. प्रत्येकजण आत जाऊन आला म्हणजे कोण बोललं ते बाहेर कळत नाही. ११६ ही मुलांसाठीची मोफत मदतवाहिनी केनियात चोवीस तास चालते. लिंगाधारित हिंसेसाठी ११९५ आहे. उपकाउंटीच्या पातळीवर सरकारी बाल अधिकारी असतो, त्याला तुम्ही आधी भेटून ठेवायला हवं. बलात्कारानंतर एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि आपत्कालीन गर्भनिरोधक १२० तासांपर्यंत उपयोगी पडतं, जितकं लवकर तितकं चांगलं. तेव्हा जवळच्या कुठल्या आरोग्य केंद्रात हे दोन्ही खरोखर कपाटात आहे, याची स्वतः खात्री करा.

यातून एक नियम घ्या, आणि तो या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे. ज्या प्रश्नाच्या 'हो' नंतर तुमच्याकडे द्यायला काही नाही, तो प्रश्न विचारायचा नाही. हिंसेवरचे प्रश्न निनावी कागदावर विचारणं म्हणजे कोणीतरी हाक मारणार आणि कोणी मारली ते तुम्हाला कळणार नाही. पीएचक्यू-९ या नैराश्य तपासणाऱ्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न, जगणं नकोसं वाटण्याबद्दलचा, तोही तसाच. उत्तरं त्याच दिवशी, मूल समोर असताना बघणारं माणूस नसेल तर तो वगळा. असेल तर 'होकार आला की काय करायचं' याचं एक पानी टिपण प्रत्येक मुलाखतकाराच्या पिशवीत हवं: कोणाला फोन करायचा, मुलाला एकटं सोडायचं नाही, गाडीभाडं कुठून द्यायचं.

आता 'मुलं खोटं बोलतात' याकडे येऊ. मला हे वाक्य मान्य नाही. तुम्ही पत्रात जे वर्णन केलंय ते पुन्हा वाचा: एका बाकावर तिघं, दारात वर्गशिक्षक उभे, कागदाच्या माथ्यावर शाळेचं नाव, आणि समोर परदेशी डॉक्टरीणबाई. गरोदर मुलींना परत शाळेत घ्यावं असं केनियाचं धोरण आहे. तरी एकदा नाव झालं की शाळेत, चर्चमध्ये, घरी काय भोगावं लागतं ते मुलींना पक्कं ठाऊक असतं. त्या बाकावर बसून 'नाही' लिहिणारी मुलगी स्वतःला सांभाळते आहे. उत्तर त्या जागेसाठी अगदी योग्य आहे. जागा बदलली तर उत्तर बदलेल.

याचा पुरावा तुमच्या कामाच्या भागापासून फार लांब नाही. व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेला, टांझानियातल्या म्वान्झा भागात 'मेमा क्वा व्हिजाना' नावाचा मोठा प्रयोग झाला. २० समुदाय, शाळेत लैंगिक आरोग्याचे तास, दवाखान्यांत तरुणांसाठी सेवा. तिथल्या संशोधकांनी एकाच वयोगटाला वेगवेगळ्या पद्धतींनी विचारून पाहिलं. प्रत्यक्ष तपासणीत संसर्ग किंवा गर्भधारणा आढळलेल्या अनेक मुलींनी प्रश्नावलीत संबंध नाकारले होते. गावात राहून, शेतावर-पाणवठ्यावर सोबत वावरून जे कळलं ते प्रश्नावलीपेक्षा वास्तवाच्या जवळ होतं. आणखी एक गोष्ट तुमच्या प्रबंधासाठी महत्त्वाची: प्रयोगानंतर मुलांचं ज्ञान वाढलं, सांगितलेलं वर्तन काही प्रमाणात सुधारलं, पण एचआयव्ही आणि हर्पिसच्या प्रमाणावर सातत्यानं परिणाम दिसला नाही. नुसत्या कागदी उत्तरांवर विसंबले असते तर निष्कर्ष वेगळाच निघाला असता.

टॅब्लेट आणि हेडफोन वाईट नाहीत. प्रश्न डोलुओत, म्हणजे तिथल्या लुओ लोकांच्या भाषेत, कानावर पडतो, वाचता न येणाऱ्यालाही उत्तर देता येतं, शेजाऱ्याला दिसत नाही. पण यंत्रानं खरं बोलणं आपोआप वाढतं असं नाही. निरनिराळ्या देशांत निकाल उलटसुलट आले आहेत. काही प्रश्नांना जास्त होकार मिळतात, काहींना कमी. ज्या मुलीनं कधी टॅब्लेट हातात धरलेला नाही ती चुकीच्या चौकोनावर बोट ठेवते आणि मागे कसं जायचं हे विचारायला लाजते. टॅब्लेट वापरायचाच असेल तर आधी दहा मिनिटं निरुपद्रवी प्रश्नांवर सराव द्या (आज सकाळी काय खाल्लं, शाळा किती लांब), आणि एकच गोष्ट दोन ठिकाणी वेगळ्या शब्दांत विचारून उत्तरं जुळतात का ते पाहा.

याहून मोठी अडचण मला तुमच्या ९० प्रश्नांत दिसते. विषय 'आरोग्याच्या गरजा', आणि प्रश्न मात्र निम्म्याहून जास्त एकाच गरजेबद्दल. असं का होतं ते समजण्यासारखं आहे. किसुमू, सियाया, होमा बे, मिगोरी या सरोवरकाठच्या काउंट्यांत एचआयव्हीचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त. निधी त्यासाठी आला, मोजमापाची साधनं त्यासाठी बनली. ते काम आवश्यकच होतं आणि आहे. पण त्याच भागात हिवताप आहे, सरोवराच्या पाण्यातून होणारा बिल्हार्झिया आहे, सिकलसेल आहे. बोडाबोडा म्हणजे भाड्याची मोटारसायकल चालवणाऱ्या विशीतल्या मुलांचे अपघात आहेत. दात, डोळे, पाळीतलं दुखणं, पॅडचा खर्च, दुपारची भूक, झोप न लागणं. यातलं पहिल्या पाचात काय येईल ते तुम्हाला आत्ता माहीत नाही, मलाही नाही. आणि प्रबंधाचा खरा प्रश्न तोच आहे.

झिंबाब्वेत 'चिएड्झा' या प्रयोगात १६ ते २४ वयोगटासाठी वस्तीतच सेवा उभ्या केल्या. एचआयव्ही तपासणी होती, गर्भनिरोधन होतं, समुपदेशन होतं, आणि मासिक पाळीसाठीचं साहित्यही होतं. सेवांना तरुणांचा प्रतिसाद चांगला मिळाला, आणि मुलींना आत आणण्यात पाळीच्या साहित्याचा वाटा मोठा होता. आपल्याकडची आठवण द्यायची तर गडचिरोलीची: १९८९ साली डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले, आणि आधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. तोवर ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असं धरून कार्यक्रम आखले जात होते. तुमची प्रश्नावलीही काही गोष्टी अशाच धरून चालली आहे.

म्हणून क्रम उलटा करा. प्रश्नावली बाजूला ठेवा आणि पहिले आठ आठवडे ऐकण्यात घाला.

तीस-चाळीस जणांना एकेकट्यानं एवढंच विचारा: 'तुझ्या वयाच्या मुलामुलींना इथे तब्येतीचे कुठले त्रास होतात?' जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, त्याच क्रमानं लिहून घ्या. मधे सुचवू नका. थांबले की 'आणखी?' एवढंच म्हणा. कोणता त्रास किती जणांनी आणि यादीत किती वर सांगितला, हे मोजलं की गरजांचा पहिला नकाशा तयार होतो. मग गटचर्चा घ्या: सहा ते आठ जण, मुलगे-मुली वेगळे, १५ ते १७, १८-१९ आणि २० ते २४ वेगळे, लग्न झालेल्या किंवा मूल असलेल्या मुली वेगळ्या. दीड तासापेक्षा जास्त नको. गटात स्वतःचा अनुभव कधीही विचारू नका. तिथे बोललेलं बाहेर जाणार नाही याची हमी तुम्ही देऊ शकत नाही. काल्पनिक माणसाची गोष्ट द्या. उदाहरणार्थ:

'अकिन्यी १७ वर्षांची. माध्यमिक शाळेत आहे, आजीकडे राहते. दोन महिने पाळी आलेली नाही. ती आधी कोणाला सांगेल? दवाखान्यात गेली तर दारात कोण भेटेल, आणि तो माणूस आजीला ओळखत असेल का? रांगेत उभी असताना कोण बघेल? वहीत काय लिहिलं जाईल? किती शिलिंग लागतील आणि ते ती कुठून आणेल?'

मुलग्यांसाठी: 'ओतिएनो २१ वर्षांचा, दुसऱ्याची मोटारसायकल चालवतो. पडला, गुडघा सुजलाय. मालकाला रोजची ठरलेली रक्कम द्यायची आहे. आज तो काय करेल? आठवड्यानं सूज तशीच असेल तर?'

या उत्तरांतून दवाखान्याची वेळ, नर्सचं बोलणं, पैशाची ओढाताण सगळं बाहेर येतं, आणि कुणालाही स्वतःबद्दल काही कबूल करावं लागत नाही. त्यानंतर पंधरा-वीस सखोल मुलाखती. जागा निवडताना एक साधी कसोटी लावा: मुलाखत घेणारी आणि देणारी लोकांना दिसायला हव्यात, ऐकू यायला नकोत. बंद खोलीतली मुलाखत गावात संशय निर्माण करते. मुलाखतकार डोलुओ बोलणारे, विशीतले, त्याच लिंगाचे, पण त्याच गावचे नसावेत. गावातलीच ओळखीची मुलगी सोयीची वाटते, पण नेमकी तिलाच कोणी काही सांगत नाही.

मग प्रश्नावली, आणि ती ४० मिनिटांत संपणारी. एकानं डोलुओत भाषांतर करावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं ते परत इंग्रजीत आणावं, आणि त्यानंतर आठ-दहा मुलांसमोर प्रत्येक प्रश्न वाचून विचारावं: तुला यात काय विचारलंय असं वाटलं? 'गेल्या दोन आठवड्यांत' म्हणजे कुठून कुठपर्यंत? इथे निम्मे दोष सापडतात. उड्या असलेले प्रश्न ('नाही असेल तर प्रश्न ३१ वर जा') मुलाखतीत जपून वापरा. एक होकार दिला की पुढे आठ प्रश्न येतात हे मुलं लगेच ओळखतात आणि दुसऱ्या वेळी नकार देतात. कमी-जास्त प्रश्नांची दोन्ही बाजूंनी भरपाई करा, म्हणजे नकारालाही तेवढाच वेळ लागेल.

४०० हा आकडा कुठून आला ते ओळखता येतं: प्रमाण ५० टक्के धरून, ५ टक्के चूक मान्य करून ३८४ येतात. पण ते गणित एकेक माणूस स्वतंत्रपणे निवडला असेल तर. एका गावातली मुलं एकमेकांसारखी असतात. गावातून २० जण घेतले आणि साम्याचा गुणांक ०.०५ धरला, तर १ + १९ × ०.०५ म्हणजे १.९५ नं गुणावं लागतं: सुमारे ७५०. दहा टक्के भेटणार नाहीत किंवा नकार देतील असं धरलं की ८३० च्या वर, म्हणजे ४२ गावं. गावामागे १० च जण घेतले तर गुणक १.४५ वर येतो, माणसं कमी लागतात, पण गावं आणि प्रवास वाढतो. त्यात मुलगे-मुली आणि शाळेतले-शाळेबाहेरचे अशी तुलना करायची तर संख्या आणखी वाढेल. एकट्या पीएच.डी. विद्यार्थिनीला हे झेपत नाही. माझं मत विचाराल तर दोन काउंट्यांऐवजी एक उपकाउंटी घ्या आणि तीच नीट करा.

आणि शाळेबाहेर या. २० ते २४ मधले बहुतेक तुमच्या माध्यमिक शाळांत नाहीतच. ते बोडाबोडाच्या थांब्यावर, मासेमारीच्या किनाऱ्यांवर, शिवणकामाच्या दुकानांत, लोकांच्या घरी कामाला, किंवा कडेवर मूल घेऊन घरी आहेत. शाळा सुटलेली मुलगीच बहुतेकदा जास्त धोक्यात असते. दक्षिण आफ्रिकेत अगिनकोर्ट भागात १३ ते २० वयाच्या सुमारे २५०० मुलींवर एक प्रयोग झाला. शाळेतल्या हजेरीच्या अटीवर रोख मदत दिली, तरी त्या मदतीनं एचआयव्हीची लागण घटल्याचं दिसलं नाही. पण मदत मिळालेल्या आणि न मिळालेल्या, दोन्ही गटांत ज्या मुली शाळेत टिकल्या त्यांना लागण कमी झाली. शाळेत बसून मोजणारा नेमक्या त्याच मुलींना वगळतो ज्या शाळेत टिकल्या नाहीत. घरोघरच्या यादीतून निवड करा. या भागात केमरी ही केनियाची वैद्यकीय संशोधन संस्था वर्षानुवर्षं लोकसंख्येच्या नोंदी ठेवते, परवानगीनं त्यांचा आधार मिळतो का ते विचारा. घरी न सापडणाऱ्यांसाठी थांबे आणि किनारे यांची वार-वेळेसकट यादी करून त्यातून चिठ्ठ्या काढा. होड्या पहाटे परततात तेव्हा किनाऱ्यावर कोणाला बोलायला सवड नसते. आणि केनियात निवासी शाळा खूप. घरोघर जायचं तर सुट्टीत जा, नाहीतर ती मुलं हातून सुटतील.

संमतीबद्दल. न परतलेला फॉर्म म्हणजे नकार असं समजू नका आणि होकार तर मुळीच नाही. कित्येक घरी आईबाप शहरात कामाला असतात, मूल आजीकडे. इंग्रजी कागदावर सही करायला आजी कचरते. घरी जाऊन डोलुओत समजावून सांगा, अंगठा आणि साक्षीदार चालतील अशी तरतूद मंजूर करून घ्या. केनियात १८ खालच्यांसाठी पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही लागतात. मात्र किशोरवयीनांवरच्या संशोधनासाठी तिथे २०१५ ची राष्ट्रीय मार्गदर्शिका आहे. लग्न झालेल्या, गरोदर किंवा आई झालेल्या मुलींसारख्या 'परिपक्व अल्पवयीनां'ना तिच्यात वेगळं स्थान आहे, आणि कमी धोक्याच्या कामात पालकांच्या संमतीतून सूट मागता येते. समितीकडे कारण लिहून मागा. 'फॉर्म येत नाहीत' हे कारण पुरेसं नाही. पालकांना विषय कळल्यानं मुलाला काय इजा होऊ शकते ते लिहा. पालकांना द्यायच्या पत्रकात विषय 'तरुणांचं आरोग्य' असा खरा पण व्यापक ठेवा.

एक कायदेशीर गाठ आधीच सोडवून घ्या. केनियाच्या २००६ च्या लैंगिक गुन्हे कायद्यानुसार १८ खालच्या व्यक्तीशी संबंध हा गुन्हा आहे, दोघंही १६ वर्षांचे असले तरी. कोणती माहिती कळली तर गुप्तता मोडावी लागेल, हे समितीशी ठरवा आणि मुलाखत सुरू होण्याआधी मुलाला साध्या शब्दांत सांगा. महाराष्ट्रात हे काम करणाऱ्या वाचकांनीही हे ध्यानात ठेवावं: २०१२ च्या पोक्सो कायद्यात वय तेच आहे आणि माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. नावांची यादी आणि उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या कुलपांत ठेवा. केनियाचा २०१९ चा विदासंरक्षण (डेटा प्रोटेक्शन) कायदा आरोग्याच्या माहितीला संवेदनशील मानतो.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर 'हो' आहे, पण एकटीनं नाही. परदेशी संशोधकाला केनियन संस्थेशी जोडून घ्यावं लागतं, आणि नॅकोस्टीचा (संशोधनाला परवाना देणाऱ्या सरकारी आयोगाचा) परवाना, समितीची मंजुरी, काउंटीच्या आरोग्य आणि शिक्षण अधिकाऱ्यांची पत्रं लागतात. ही कागदपत्रं मिळाली म्हणजे गाव तयार झालं असं होत नाही. चीफच्या बराझात, म्हणजे गावसभेत, जाऊन काय विचारणार आणि काय देऊ शकणार नाही ते सांगा. दहा-बारा तरुणांचा सल्लागार गट करा, निम्मे शाळेबाहेरचे, आणि त्यांना वेळेचे पैसे द्या. प्रश्नावलीचा कच्चा खर्डा आधी त्यांच्या हातात द्या आणि त्यांनी काट मारलेला प्रश्न ठेवायचा असेल तर कारण त्यांना पटवा. स्थानिक सहकाऱ्यांचं नाव शोधनिबंधात लेखक म्हणून येणार असेल तर ते आत्ताच लिहून ठेवा, शेवटी आभारात नव्हे. निष्कर्ष प्रबंध जमा करण्याआधी त्याच गावांत परत सांगा, आणि उपकाउंटीच्या आरोग्य अधिकाऱ्याला डोलुओ आणि इंग्रजीत दोन पानांचा अहवाल द्या. गरजांच्या यादीतलं काय त्याच्या सध्याच्या पैशांत होऊ शकतं, हे त्यात वेगळं दाखवा.

वेळापत्रक बसवताना मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ टाळा, कच्चे रस्ते तेव्हा बंद पडतात. नोव्हेंबरमध्ये शालान्त परीक्षा असतात, शाळा दार उघडणार नाहीत. ऐकण्याचे आठ आठवडे जूनपासून घेतलेत तर ऑगस्टच्या सुट्टीत निवासी शाळांतली मुलं घरी सापडतील. पण त्या ४० जणांकडे जाण्यासाठी जूनची वाट पाहू नका.